तिसरीचा वर्ग आणि फाळक्यांची मंदाकिनी

पहाटे साडेपाच

दिवाळी सरली की युसूफ वडगावात गजर लावायची गरज उरत नाही. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी घुरघुरत उभा असतो. कुणीतरी एकजण हमखास मागे राहिलेला असतो आणि त्याच्या नावाने हाका चाललेल्या असतात. पत्रे, ताडपत्री, ज्वारीची पोती, एखादी शेळी, वर बायका, आणि बायकांच्या मांडीवर, पाठीशी, पोत्यांच्या खाचेत लेकरं. कुठला ट्रक सांगलीकडे जातो, कुठला कोल्हापूरला, कुठला पार कर्नाटकात. परततात ते उन्हाळ्याच्या तोंडावर. मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहते ती त्यातली माझी पोरं ओळखायला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, आणि हे काही दिवस हजेरी वर्गात कमी आणि रस्त्यावरच जास्त घ्यावी लागते.

आज बालदिनाच्या निमित्ताने वर्गाला एक सिनेमा दाखवायचा आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, साल १९१९. मूकपट आहे, पाऊण तासाचा आहे, आणि त्यातला कृष्ण ही सात वर्षांची मुलगी आहे. माझ्या वर्गातल्या पोरी आठ वर्षांच्या.

सकाळी सात

आंघोळ, डबा, आणि मोबाइलवर सिनेमा पूर्ण उतरलाय की नाही याची खात्री. शाळेच्या टीव्हीचा भरवसा आहे, विजेचा नाही.

नाशिकला फाळक्यांच्या कंपनीतही या वेळेला लगबग सुरू झालेली असणार, कारण तिथला सगळा कारभार उन्हावर होता. चित्रीकरण उघड्यावर किंवा वरून मोकळ्या सेटवर व्हायचं. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण १६ चौकटी, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म. ऊन चढायच्या आत रंगभूषा, कपडे, मुकुट उरकायचा आणि ऊन उतरायच्या आत काम संपवायचं. त्या फिल्मला तांबडा रंग जवळपास दिसतच नसे, लाल ओठ पडद्यावर काळे पडत. निळा मात्र फिका दिसे. सावळ्या कृष्णाला कॅलेंडरातल्यासारखं निळं रंगवलं असतं तर पडद्यावर तो गोरा निघाला असता, ही गंमत मला फार आवडते. देवाचा रंगही फिल्मच्या रसायनाला विचारून ठरवायचा!

फाळके तोवर नवखे राहिले नव्हते. ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यानंतर बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलले. १९१८ च्या जानेवारीत मुंबईच्या भांडवलवाल्यांना भागीदार करून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पहिला मोठा सिनेमा ‘श्रीकृष्ण जन्म’, त्याच वर्षी. दुसऱ्या वर्षी ‘कालिया मर्दन’. दोन्हींत कृष्ण झाली ती फाळक्यांची लेक, मंदाकिनी. तिची कारकीर्द म्हणून सांगतात ती एवढीच.

घर आणि कंपनी यांच्यामध्ये तिथे भिंत नव्हतीच. आई सरस्वतीबाई कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक बघायच्या. पहिल्या सिनेमाच्या वेळी तर कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम त्या अंधारात बसून करत, आणि दिवसा ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. थोरला भालचंद्र ‘हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला होता. खेळताना पडून तो बेशुद्ध झाला तेव्हा फाळक्यांनी त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग टिपून घेतला, असं सांगतात. ही गोष्ट फाळक्यांच्या कौतुकासाठीच सांगितली जाते. मी आई आहे, मला ती कौतुकाने ऐकता येत नाही.

अशा घरात मंदाकिनी वाढली. तिला कॅमेऱ्यापुढे उभं केलं तेव्हा कुणी तिची परीक्षा घेतली असेल, करार केला असेल असं मला वाटत नाही. घरात एक काम होतं आणि ते तिच्या अंगाला बसत होतं.

सकाळी नऊ

शाळेला अजून वेळ आहे, पण आधी एका घरी जायचंय. तिसरीतली एक पोरगी, वाचनात वर्गात सगळ्यांत पुढे. आईबाप टोळीत नाव घालून बसलेत, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन झाले, ते पावसाळ्यात खर्चूनही झाले. ट्रक दोन दिवसांत.

आजी अंगणात तूर पाखडत होती.

“आज्जी, पोरीला हितंच ठेवा. शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय आहे, दोन वेळचं जेवण मिळतंय.”

“जेवणाचं नाही वो मॅडम. बारकं कोण धरंल? माय-बाप फडात, ही कोपीवर. बारक्याला बघती, पाणी भरती. तेवढाच आधार.”

“म्हणजे ही काम करते.”

“काम कशाचं? लेकरू हाय ते.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हिशेब टनाचा होतो. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, दिवसभर तान्हं सांभाळणाऱ्या पोरीसाठी त्या वहीत रकाना नाही. ती नसेल तर आई फडात जाऊ शकणार नाही आणि कोयता अर्धा होईल, हे मुकादमापासून आजीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पोरगी शेणाने माखलेले हात पाठीमागे लपवून उभी होती. तिला एवढंच सांगितलं, की आज शाळा बुडवू नकोस, सिनेमा आहे.

साडेदहा

परिपाठ, प्रार्थना, पसायदान, दिनविशेष. हजेरी. जे ट्रकमध्ये गेले त्यांच्या नावापुढे मी लगेच खाडाखोड करत नाही.

सव्वाअकरा

वीज होती. टीव्हीपुढे सतरंजी घातली, तिसरी आणि चौथी एकत्र बसवली. पाट्या वाचून त्यांचं मराठीत सांगायचं काम माझ्याकडे, पार्श्वसंगीताचं काम चौथीतल्या एका हलगीवाल्याने स्वतःहून घेतलं. मी नको म्हटलं नाही. मूकपट मुक्याने कधीच दाखवत नसत, पडद्यापाशी कुणीतरी वाजवत बसलेलं असेच.

‘कालिया मर्दन’ची सुरुवातच वेगळी आहे. गोष्ट सुरू होण्याआधी सात वर्षांच्या मुलीचे हावभाव पाहा अशा अर्थाची पाटी येते, आणि मग नुसता मंदाकिनीचा चेहरा. हसू, राग, रडू, भीती, एकामागून एक. दागिने नाहीत, देव नाही, साधी पोर. त्या पोरीवरच मग कृष्णाचं रूप उमटतं. एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचं, एक विझवत दुसरं उजळवायचं, ही करामत फाळक्यांच्या हातातली होती, आणि तिच्यावर लोक वेडे होत. मला मात्र त्या करामतीपेक्षा त्यामागचा विचार मोठा वाटतो. देव दाखवायच्या आधी फाळक्यांनी नटी दाखवली. बघा, ही माझी मुलगी आहे, हिला हे येतं, आता हिला देव म्हणून बघा. पौराणिक सिनेमाच्या प्रेक्षकाला असं आधीच सांगून टाकणं धाडसाचं होतं. शिवाय बापाचा अभिमान त्यात लपत नाही.

वर्गात गोंधळ उडाला.

“मॅडम, ही तर पोरगीय!”

“खोटं सांगायलात. किस्नच हाय.”

“आत्ता दावलं की, फ्रॉकातली!” फ्रॉक-बिक काही नव्हतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

मग शेजारीण अंगावर पाणी उडवते आणि त्याचा वचपा म्हणून पोरं तिच्या घरातलं लोणी पळवतात, तिथे सतरंजीवरची पोरं गुडघ्यांवर आली. मंदाकिनीचं काम इथे खरोखर चांगलं आहे. त्या काळातले मोठे नट नाटकातून आलेले, हात पसरल्याशिवाय त्यांना दुःख होत नसे. ही मात्र लोणी खाताना लोणी खाते. चोरी केलेल्या पोराच्या डोळ्यांत जे असतं, ते तिच्या डोळ्यांत आहे. बापाने सांगितल्याशिवाय हे झालं नसेल हे खरं, पण सगळंच सांगून करवता येत नाही. आमच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी मी एक कृष्ण उभा करते आणि दरवर्षी तो प्रेक्षकांतली आई शोधत असतो.

शेवटी डोह. कृष्ण पाण्यात, काठावर गोकुळ जमलेलं, आणि चित्र आळीपाळीने खाली-वर होतं. खाली नागाशी झुंज, वर छाती पिटणारी माणसं. नाग सरळसरळ बनवलेला दिसतो, पोरांनीही ते ओळखलं, तरी हलगी थांबली. काठावरच्या माणसांना खाली काय चाललंय ते दिसत नाही, आपल्याला दिसतं. शंभर वर्षांपूर्वी ही नुसती मांडणी पाहून लोक किती हादरले असतील! मूळ सिनेमा सुमारे ६,००० फुटांचा, त्यातला साधारण ४,४०० फूट उरलाय. फाळक्यांचे बहुतेक सिनेमे एवढेही उरले नाहीत. हा राहिला, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने सांभाळला, म्हणून केज तालुक्यातल्या एका वर्गात तो आज लागू शकला. १९१९ साली हे गाव निजामाच्या राज्यात होतं.

दुपारी दीड

खिचडी. ताटं घेऊन रांग. सकाळची ती पोरगी शेजारी येऊन बसली. हात धुतलेले होते.

“मॅडम, तिला पैसं किती दिलं?”

“कुणाला?”

“किस्न झाली तिला.”

“कंपनी तिच्या वडलांचीच होती गं.”

तिने घास गिळला. “मंजी फुकट.”

आहार शिजवणाऱ्या मावशी खदखदून हसल्या. मीही हसले, पण माझ्या डोक्यात दुसरीच एक पोर आली. ‘श्रीकृष्ण जन्म’ मुंबईत लागला १९१८ च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतर दोन महिन्यांनी अमेरिकेत एक मुलगी जन्मली, जिला पुढे जगाने बेबी पेगी म्हणून ओळखलं. तिचा बाप सिनेमात घोड्यावरची कामं करणारा. पोर दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा स्टुडिओत कुणाला तरी तिचं शहाणपण आवडलं. बापाने सांगितलं की रड, ती रडे. हस म्हटलं, हसे. घरात तिला आज्ञा पाळण्याचंच वळण होतं. १९२१ पासून तिचे दीडशेच्या आसपास छोटे सिनेमे निघाले. दिवसाला आठ तास, आठवड्याला सहा दिवस. जळत्या खोलीतून एकटीने बाहेर पडण्याचा प्रसंगसुद्धा तिनेच केला. वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमाई होती असं सांगतात, आणि तिच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. आईबापांनी उधळलं, नातेवाइकाने बुडवलं. सहा-सात वर्षांची असताना बापाचं निर्मात्याशी पैशावरून बिनसलं, त्याने करार मोडला, आणि हॉलिवूडचं दार तिच्यासाठी बंद झालं. भांडण बापाचं. ती पुढे डायना सेरा केरी या नावाने लिहिती झाली, बालनटांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि २०२० साली १०१ वर्षांची होऊन गेली.

चॅप्लिनच्या ‘द किड’मधला जॅकी कूगन तिच्याच काळातला. त्याचीही कमाई घरच्यांनी संपवली, तो कोर्टात गेला, आणि १९३९ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की बालनटाच्या कमाईचा वाटा त्याच्या नावावर बाजूला ठेवायचा. आपल्याकडे ते यायला २०१७ उजाडलं. आता नियम आहे की लहान कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांच्या पुढे नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने बँकेत मुदतठेव.

हे नियम ज्या बालकामगार कायद्याखाली आले, त्याच्या तिसऱ्या कलमात बंदीला दोन अपवाद आहेत. एक, सिनेमा-मालिकांत कलाकार म्हणून काम करणारं मूल, सर्कस सोडून. दुसरा, शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या कामाला मदत करणारं मूल. दोघं एकाच कलमात शेजारी-शेजारी. कलाकाराच्या वाट्याला तास आले, विश्रांती आली, मुदतठेव आली. घरी मदत करणाऱ्याला मुख्य अट शाळेनंतरची, आणि शाळाच दोनशे किलोमीटर मागे राहिली असेल तर ‘नंतर’ कधी सुरू होतं ते कलमात नाही. मंदाकिनी या दोन अपवादांपैकी कुठल्यात बसली असती हे मला खिचडी संपेपर्यंत ठरवता आलं नाही. ती कलाकार होती आणि घरी मदतही करत होती.

दुपारी तीन

गणित. हातच्याची वजाबाकी, जिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चौथीच्या तासाला पोरांनी परत विषय काढला, की मग पुढं तिचं काय झालं, तिने आणखी सिनेमे का नाही केले. उत्तर फाळक्यांच्या कंपनीत आहे. ‘कालिया मर्दन’नंतर भागीदारांशी त्यांचं जमेना. फाळके खर्च करत ते सिनेमाच्या मापाने, भागीदार हिशेब मागत ते पेढीच्या मापाने. अखेर कंपनी सोडून फाळके बिऱ्हाडासह काशीला गेले आणि तिथे बसून ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. कृष्णाचं काम करणारी पोर बिऱ्हाडाबरोबर गेली. पुढे फाळके नाशिकला परतले, पुन्हा सिनेमे काढू लागले, तेव्हा तिचं सात वर्षांचं रूप कुठून आणायचं? आणि वाढत्या वयाच्या, चांगल्या घरच्या मुलीला कॅमेऱ्यापुढे उभं करणं १९२२-२३ मध्ये फाळक्यांनाही जड गेलं असेल, असा माझा अंदाज. लहानपणी ती देव होऊ शकत होती. मोठी झाली असती तर नटी म्हटलं गेलं असतं.

नटी म्हणवून घ्यायची काय किंमत होती ते दुर्गाबाई कामतांना विचारायला हवं होतं. फाळक्यांना ‘हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. त्याच वर्षी हाती घेतलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी. भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या बायका, तीही मायलेकीची जोडी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन पोरीला घेऊन नाटक मंडळीबरोबर फिरत होत्या. चांगल्या घरांची दारं आधीच बंद झालेली, म्हणून कॅमेऱ्यापुढे उभं राहायची मोकळीक. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, रंगभूमीवर उभं आयुष्य काढलं. चंद्रकांत गोखले त्यांचा मुलगा, विक्रम गोखले नातू. कमलाबाईंचं काम चालू राहिलं, कारण घर त्यांच्या कामावर चालत होतं. मंदाकिनीचं थांबलं, कारण घर वडलांच्या कामावर चालत होतं. निदान मला ते तसं दिसतं.

हे सगळं चौथीला सांगितलं नाही. त्यांना सांगितलं, की वडलांचं मालकांशी भांडण झालं. एक पोरगा म्हणाला, “आमच्या आबाचं बी मुकादमासंग झालतं. तवा आमी मधीच गावाकडं आलो.” वर्ग हसला नाही. सगळ्यांना प्रकार माहीत होता.

संध्याकाळी पाच

शाळा सुटली. ऑफिसात बसून शिक्षण हमी पत्रकं भरायची. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर हा कागद द्यायचा, म्हणजे कारखान्याच्या गावच्या शाळेने त्याला दाखल करून घ्यावं. कागद चांगला आहे. अडचण एवढीच, की कोपी पडते ती फडाजवळ आणि शाळा असते गावात, आणि फड तुटला की कोपी पुढच्या गावाला. त्यावर मुलाचं नाव, इयत्ता, काय येतं काय येत नाही, सगळं लिहायचं. मुख्याध्यापक सर म्हणाले, “त्या पोरीचंही भरून ठेवा, मॅडम. ट्रक थांबणार नाही.”

भरायला घेतलं. मराठी वाचन: अस्खलित. बेरीज-वजाबाकी: येते.

रात्री आठ

वसतिगृहातली पोरं जेवली. पिठलं-भाकरी होती. मी निघणार तेवढ्यात आजी नातीला घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. पोरीला तो चेहऱ्यांचा तुकडा परत बघायचा होता, आणि आजीला दाखवायचा होता. मोबाइल काढला. आजीने तो हातभर लांब धरून पाहिलं, मग डोहाचा प्रसंगही लाव म्हणाली.

“पाण्यात सोडली व्हय लेकराला! हिची माय कुठं होती?”

“तिथंच, आज्जी. कंपनीतच. शे-पन्नास माणसांचं रांधायची, फिल्म धुवायला मदत करायची.”

“मंजी ती बी कामावरच की.” आजीने मोबाइल परत दिला. “पोरीला हुन्नर हाय.”

“तुमच्याही पोरीला आहे. म्हणून तर म्हणतेय.”

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मुकादमाचा फोन आला होता, ट्रक आता सोमवारी. सोमवारपर्यंत बारक्याची काही सोय होती का बघते, हिची मावशी कळंबला असते, तिला विचारते. नाहीच झाली तर मग बघू.

“वसतिगृहात नाव घालू का?”

“घाला. पर कापायची पाळी आली तर आमच्यावर राग धरू नका.”

हमी पत्रकही दाखवलं. आजीने दोन्ही कागद हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि सही कुठे करायची ते विचारलं. नात म्हणाली, “आज्जी, थांब, मी दाखवते,” आणि दोन्ही कागदांवर बोट ठेवून तिने अंगठ्याची जागा दाखवली.